तान्ह्या बाळाची त्वचा : काय लावावे, काय लावू नये

बाळ जन्माला आले की मुलगा की मुलगी आणि वजन किती, या दोन प्रश्नांनंतर तिसरा प्रश्न हमखास येतो तो रंगाचा. कुणावर गेले आहे, गोरे आहे का सावळे? त्यानंतरचे काही आठवडे घरातील सर्वांचे डोळे बाळाच्या अंगावरच असतात. कुठे लाल पुटकुळी दिसली, कुठे निळसर डाग दिसला, कुठे कातडी सुटू लागली की उपाय सुरू होतात. आजीचा एक, मावशीचा दुसरा, शेजारणीचा तिसरा आणि औषधाच्या दुकानदाराचा चौथा. हे सारे प्रेमापोटीच चालते, याबद्दल शंका नाही. परंतु तालुक्याच्या गावी इतकी वर्षे दवाखाना चालविताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. पहिल्या महिन्यात बाळाच्या अंगावर जे आपोआप उठते, त्यातील बहुतेक आपोआपच जाते. ज्या बाळांची कातडी खरोखर बिघडलेली असते, त्यांतील पुष्कळांच्या अंगाला आधी कोणी तरी काही तरी लावलेले असते.

म्हणून आजच्या लेखात कोणते पुरळ पाहून निश्चिंत राहावे, कोणत्या वस्तू बाळाच्या अंगापासून दूर ठेवाव्यात आणि कोणत्या वेळी तासभरही न दवडता दवाखाना गाठावा, याचा विचार करू.

लावलेले आत जाते

आपण समजतो की, अंगाला लावलेले औषध कातडीच्या वरच राहते. मोठ्या माणसाच्या बाबतीतही हे पूर्ण खरे नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. तीन किलोच्या बाळाच्या कातडीचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. साठ किलोच्या माणसाचे साधारण १.७ चौरस मीटर. म्हणजे वजनाच्या हिशेबाने बाळाच्या वाट्याला जवळजवळ अडीच पट कातडी येते. साहजिकच अंगभर काही चोपडले तर त्याच्या रक्तात उतरणारी मात्राही त्या मानाने मोठी होते. त्यातून यकृत आणि मूत्रपिंडे अजून कच्ची असतात. आत गेलेले बाहेर टाकायला त्यांना वेळ लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तर इतकी पातळ असते की, खालच्या शिरा दिसतात.

१९७२ साली फ्रान्समध्ये एक भयंकर प्रकार घडला. बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या एका टाल्कम पावडरमध्ये कारखान्यातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफिन नावाचे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. ती पावडर कोणी बाळाला चारली नव्हती, फक्त अंगावर भुरभुरली होती. तेवढ्याने ३६ बालके दगावली.

फ्रान्स दूर राहिले, आपल्या घरातले पाहू. कॅरम बोर्डावर टाकण्याची बोरिक पावडर अजूनही काही घरांत बाळाच्या जांघेत आणि बेंबीवर टाकली जाते. सोलवटलेल्या कातडीतून बोरिक ॲसिड रक्तात जाते आणि त्याने बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत पूर्वीपासून आहेत. ती पावडर कॅरमसाठीच ठेवावी.

दुसरी वस्तू डांबरगोळी. थोरल्या भावंडाची झबली, कुंच्या, दुपटी आपण ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून जपून ठेवतो आणि नवे बाळ आले की तीच बाहेर काढतो. जुने मऊ सुती कापड बाळाला चांगलेच. पण त्या गोळीतील नॅफ्थालीन कपड्यात मुरते आणि वाफेतून व कातडीतून बाळाच्या अंगात शिरते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थालीनमुळे भराभर फुटतात आणि कावीळ एवढी वाढते की, ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. कोणाच्या बाळात हे एन्झाइम कमी आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. तेव्हा बाळंतपण जवळ आले की ते कपडे आधीच काढून धुवावेत आणि बरेच दिवस मोकळ्या हवेत, उन्हात घालावेत. वास येत असेल तर वापरूच नयेत. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकावा. आपल्या आज्या हेच करीत असत.

पहिल्या पंधरवड्यातील पाहुणे

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा चिकट थर असतो. तो घाण समजून खसखसून पुसण्याची घाई होते. वास्तविक नऊ महिने पाण्यात राहिलेल्या कातडीचे ते संरक्षक मलम आहे. जन्मल्यावर बाळाला कोरडे करताना रक्त वगैरे पुसावे, हा थर आपोआप जिरू द्यावा. बाळाची पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण ओले बाळ झटकन गार पडते. 'दवाखान्यात आमच्या बाळाला आंघोळसुद्धा घातली नाही' अशी तक्रार करणाऱ्या आजीबाईंनी हे लक्षात घ्यावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या छातीवर, पाठीवर, तोंडावर लाल चट्टे आणि मधोमध बारीकशी पिवळट पुटकुळी उठते. ढेकूण किंवा डास चावल्यासारखे दिसते. आज इथे दिसते, उद्या तिथे. पुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी जवळपास निम्म्या बाळांना हे होते. तळहात-तळपाय सहसा सुटतात, बाळ मजेत दूध पिते, ताप नसतो. आठ-पंधरा दिवसांत सारे जाते. ही गोवर नव्हे, कांजिण्या नव्हेत आणि आईने वांगे खाल्ल्याने झालेली उष्णताही नव्हे. नाकाच्या शेंड्यावर रव्यासारखे पांढरे ठिपके असतात, तेही काही आठवड्यांत जातात. ते टोचू नयेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही बाळांच्या गालांवर मुरमांसारख्या पुळ्या येतात. त्याही तीन-चार महिन्यांत ओसरतात. पहिल्या आठवड्यात हातापायांची वरची कातडी सुटणे, विशेषतः दिवस उलटून गेलेल्या बाळाची, हेही नेहमीचेच. टाळूवर जमणारी पिवळी, तेलकट खपली मात्र आयांना फार खटकते. रात्री खोबरेल तेल लावून ठेवावे, सकाळी मऊ फडक्याने अलगद पुसावे. नखाने खरवडू नये. हीदेखील काही महिन्यांत जाते.

माकडहाडाच्या आसपास आणि ढुंगणावर दिसणाऱ्या निळसर-काळपट डागांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी खोल थरात राहून गेल्या म्हणजे वरून त्यांचा रंग निळा दिसतो, एवढाच याचा अर्थ. आपल्या देशात असे डाग फार सर्रास आढळतात आणि मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत बहुतेक फिके होतात. पण या डागांवरून घराघरांत किती रामायण घडते! एक कुटुंब माझ्याकडे आले होते ते 'दवाखान्यातल्या नर्सनं पोर आपटलं, हे बघा वळ' असे म्हणत, भांडायच्या तयारीनेच. मी बोटाने दाबून दाखविले. मुका मार असता तर बाळ कळवळले असते आणि आठ दिवसांत डाग हिरवा-पिवळा पडला असता. हा डाग तसाच राहिला. दुसऱ्या एका घरी सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून डाग पडला, असा ठपका होता. ती मुलगी माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. मी सासूबाईंना म्हटले, "आजी, त्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या बायकांनी भाजी चिरली असणार. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. तुमच्या मुलालाही लहानपणी असाच डाग असेल, आठवून बघा." आजींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "व्हता खरा. कमरंवर." सुनेने तेव्हा कुठे वर पाहिले.

बाळाचे दूध पिळू नका

जन्मानंतर तीन-चार दिवसांनी काही बाळांच्या छातीच्या गाठी फुगतात, मुलांच्याही आणि मुलींच्याही. दाबले तर दुधासारखा थेंब येतो. आईच्या शरीरातील हार्मोन्सचा हा परिणाम असून, काही आठवड्यांत तो नाहीसा होतो. परंतु न्हाऊ घालणाऱ्या बाईला वाटते की, ते दूध पिळून काढले पाहिजे. नाही तर मुलीची छाती पुढे मोठी होईल, मुलाला गाठ राहील. रोज पिळून पिळून तिथे जखम होते, जंतू शिरतात आणि पू होतो.

अकरा दिवसांची एक मुलगी आई-वडील घेऊन आले. एका बाजूची छाती लालभडक, गरम, लिंबाएवढी फुगलेली. बाळ रडायचेही थांबले होते, दूध ओढत नव्हते. तिला तडक जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. तेथे पू काढला, दहा दिवस शिरेतून इंजेक्शने दिली. ती वाचली. मात्र मुलीच्या बाबतीत अशा गळवामुळे त्या बाजूच्या स्तनाची पुढील वाढ खुंटू शकते. याचा विचार पिळणाऱ्या हाताने कधी केलेला नसतो. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी आदराने पण स्पष्ट सांगा : बाई, छातीला हात लावायचा नाही.

नाळेविषयीही असेच स्पष्ट सांगावे. नाळेला हळद, कुंकू, तेल, राख, पावडर, काहीही लावू नये. कोरडी आणि उघडी ठेवावी, लंगोट तिच्या खाली बांधावा. पाच ते पंधरा दिवसांत ती गळते. एके काळी नाळेला शेण आणि राख लावल्याने धनुर्वाताने बाळे जात. लस आणि स्वच्छ बाळंतपणे यांमुळे २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झालेला देश म्हणून भारताला मान्यता मिळाली. ती कमाई राखायची आहे.

मालिश, डाळीचे पीठ आणि पावडर

मालिशला माझा विरोध नाही. हलक्या हाताने, उबदार जागी, आईने किंवा आजीने केलेले मालिश बाळाला आवडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेल लावल्याचा फायदा अभ्यासातूनही दिसला आहे. ढाक्यातील रुग्णालयात अशा बाळांना सूर्यफुलाचे तेल नियमित लावले तेव्हा त्यांच्यातील जंतुसंसर्ग कमी झाला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेलाने कातडीची भिंत मजबूत होते, जंतूंना आत शिरायला वाट मिळत नाही. आपल्याकडे खोबरेल तेल उत्तम. मोहरीचे तेल कातडीला झोंबते, ते टाळावे. नाका-कानात तेलाचे थेंब सोडणे मात्र बंद करा. नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरते आणि त्याचा न्यूमोनिया होतो.

माझे भांडण आहे ते डाळीच्या पिठाशी. लव जावी, रंग उजळावा म्हणून डाळीचे पीठ, हळद, साय यांचा लगदा करून तो बाळाच्या अंगावर रगडतात. कणकेच्या गोळ्याने लव उपटतात. ती लव पहिल्या काही आठवड्यांत आपोआप गळते. श्रेय जाते पिठाला! रंगाचे म्हणाल तर तो आई-वडिलांकडून ठरून आलेला असतो. जन्मतः प्रत्येक बाळ गुलाबी, उजळ दिसते आणि खरा रंग पुढे हळूहळू खुलतो. ज्यांना फारच उत्सुकता आहे त्यांनी बाळाच्या कानाची कड पाहावी, पुढच्या रंगाचा अंदाज तिथे येतो. बाकी पीठ रगडून उरते ती सोलवटलेली, कोरडी, खाजरी कातडी. मानेच्या आणि जांघेच्या घडीत राहिलेले पीठ आंबते आणि तिथे बुरशी धरते. आंघोळीला कोमट पाणी पुरे. साबण सौम्य आणि थोडासाच, तोही रोज हवा असे नाही. पाण्यात जंतुनाशकाचे झाकण ओतण्याचीही गरज नाही.

उन्हाळ्यात आमच्या मराठवाड्यात पारा बेचाळीसवर जातो आणि बाळ मात्र कुंची, झबले, दोन दुपटी अशा थाटात असते. वारा लागेल ही भीती! घामाच्या नळ्यांची तोंडे बंद होतात आणि मान, पाठ, कपाळ घामोळ्यांनी भरून जाते. त्यावर पावडरीचे थर बसले की घाम आणि पावडर यांचा लगदा होऊन उरलीसुरली तोंडेही बुजतात. शिवाय डबा हलवताना उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते. उपाय साधा आहे : एकच पातळ सुती झबले, पंख्याचा मंद वारा, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंग पुसणे. पंख्याने बाळाला काही होत नाही. हिवाळ्यात बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त लागतो. मे महिन्यात नाही.

लंगोटाच्या जागी येणारे लाल पुरळ आता खेड्यातही वाढले आहे, कारण प्रवासापुरते आलेले डायपर दिवसभराचे झाले. दोन प्रकार ओळखता आले तर पुष्कळ काम होते. लालपणा फुगीर भागावर असून घड्या मोकळ्या असतील, तर तो ओलेपणाचा आणि घासण्याचा परिणाम. शू-शी झाली की लगेच बदला, साध्या पाण्याने धुवा, दिवसातून काही तास तो भाग उघडा ठेवा आणि वर झिंक ऑक्साइडचे साधे मलम लावा. तीन-चार दिवसांत फरक पडतो. मात्र घडीच्या आत गडद लाल झाले असेल आणि आजूबाजूला बारीक लाल ठिपके विखुरले असतील, तर ती बुरशी होय. तिला वेगळे मलम लागते, ते डॉक्टरांकडून घ्यावे. सुती लंगोट वापरणाऱ्यांनी ते साबणाचा अंश राहणार नाही असे दोन पाण्यांतून खळबळून कडक उन्हात वाळवावेत.

दुकानातली ट्यूब

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला तिच्याकडे वळतो. लंगोटाच्या जागेचे पुरळ असो, गालावरचा इसब असो की घामोळे असो, वडील औषधाच्या दुकानात जातात आणि 'लहान बाळाला लावायला काही तरी द्या' असे म्हणतात. समोरून एक ट्यूब येते. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोडीला एक तीव्र स्टिरॉइड असे सारे एकत्र असते. दोन दिवसांत लाली जाते, घरात आनंदीआनंद होतो. चार दिवसांनी पुरळ परत येते, पुन्हा ट्यूब. हळूहळू ती ट्यूब पावडरच्या डब्याशेजारी कायमची जागा पटकावते.

साडेचार महिन्यांचा एक मुलगा आठवतो. आईने तो लसीकरणासाठी आणला होता, आजारी म्हणून नव्हे. गाल इतके भरलेले की डोळे बारीक झाले होते. "किती गुटगुटीत आहे ना, डॉक्टर?" ती कौतुकाने म्हणाली. मी वजन पाहिले आणि हातपाय पाहिले. हात-पाय बारीक, गुबगुबीतपणा सारा तोंडावर आणि पोटावर. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन खालच्या शिरा दिसत होत्या. विचारता विचारता कळले की, दुसऱ्या महिन्यापासून एक ट्यूब रोज दोन वेळा लावली जात होती आणि वर डायपर. आठवड्याला एक ट्यूब संपत होती. तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिले होते. कातडीला लावण्याच्या स्टिरॉइडमध्ये हे सर्वांत तीव्र गटातले. प्लॅस्टिकच्या डायपरखाली ते कितीतरी पटीने अधिक शोषले जाते. तोंड गोल झाले होते ते या औषधाने. बाळाचा रक्तदाब वाढला होता आणि त्याच्या शरीरात स्वतःचे स्टिरॉइड तयार करणाऱ्या ग्रंथी झोपी गेल्या होत्या. अशा वेळी औषध एकदम थांबविणेही धोक्याचे असते. साधा जुलाब किंवा ताप आला तरी बाळ कोसळू शकते. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते सावकाश कमी करण्यात काही महिने गेले. आता तो शाळेत जातो. पण प्रत्येक बाळ लसीच्या निमित्ताने वेळेवर नजरेस पडतेच असे नाही.

स्टिरॉइड असलेली अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. प्रत्यक्षात काय चालते हे वाचकांना मी सांगायला नको. म्हणून वाचकांनीच एक सवय लावून घ्यावी. ट्यूब हातात आली की तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले आणि ती बाळासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर परत करावी. घरात अशी ट्यूब दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बाळाला लावली जात असेल, तर घाबरून एकदम बंद न करता ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विषच, असेही समजू नये. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून काही बाळांच्या गालांवर लाल, खरखरीत, पाझरणारे चट्टे येतात, बाळ गाल उशीवर घासते. हा इसब. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो; घरात दमा, सर्दी-शिंका अशी तक्रार असते. त्याचे खरे औषध म्हणजे कातडी कोरडी पडू न देणे : आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल भरपूर, दिवसातून दोन-तीनदा. चट्टा फारच भडकला तर डॉक्टर सौम्य प्रकारचे स्टिरॉइड मलम मोजक्या दिवसांसाठी देतात आणि ते लावायलाच हवे. आईचे दूध, अंडे, शेंगदाणे, डाळी एकामागून एक बंद करणे हा मात्र अन्याय आहे. बाळंतिणीला वरणभातावर ठेवून इसब जात नाही. फक्त ती अशक्त होते.

आणखी एक आजार इसब समजून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो, तो म्हणजे खरूज. मोठ्यांना खरूज बोटांच्या बेचक्यांत होते. तान्ह्या बाळाला तळहात, तळपाय, डोके आणि तोंडावरही होते. बाळ रात्री किरकिरते, आणि विचारले तर घरातील दोघे-तिघे खाजवत असतात. उपाय घरातील सर्वांनी एकाच रात्री करायचा असतो, खाज नसणाऱ्यांनीही. नाही तर बाळ बरे होते आणि आजीच्या मांडीवरून ते किडे पुन्हा घेऊन येते. मोठ्यांसाठी आणलेले औषध बाळाला लावू नये. बाळाचे वय सांगून वेगळे घ्यावे.

बिब्ब्याविषयी लिहिताना मला राग आवरत नाही. पोट दुखते म्हणून बाळाच्या बेंबीभोवती बिब्ब्याचे ठिपके देतात. बिब्ब्याचे तेल मोठ्या माणसाच्या कातडीलाही फोड आणते, मग बाळाचे काय होणार? मेळघाटात तर पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. पोटाचे दुखणे जिथल्या तिथे राहते आणि वर भाजल्याची जखम चिघळते.

केव्हा धावावे

जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी लाल ठिपका उमटून तो स्ट्रॉबेरीसारखा वाढू लागला, तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असते. बहुतेक गाठी पाच-सहा महिने वाढून पुढे काही वर्षांत विरतात. पण पापणीवर, ओठावर, नाकावर किंवा दाढीच्या जागेवर असेल तर वाट पाहू नये. २००८ साली फ्रान्सच्या बोर्दो येथील डॉक्टरांना योगायोगाने आढळले की, हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉल हे जुने, स्वस्त औषध या गाठी जिरवते. ते जितके लवकर सुरू होईल तितका गुण अधिक. सहा महिने थांबून आलेल्या पालकांना हे सांगताना वाईट वाटते.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघावे. बेंबीभोवतीची कातडी लाल आणि कडक झाली किंवा तेथून दुर्गंधीचा पू येऊ लागला. अंगावर दहा किंवा अधिक पुवाच्या पुळ्या आल्या, किंवा एकच पण मोठे गळू झाले. भाजल्यासारखी कातडी पापुद्र्याने निघू लागली. जन्मतःच किंवा पहिल्या दिवसांत तळहात-तळपायांवर फोड आले. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळे दिसले, किंवा पुढे पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला. त्याला कोवळ्या उन्हात ठेवून भागत नाही, निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते. दाबल्यावरही न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके उठले. आणि पुरळ कसेही असो, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, तर पुरळाचे नाव शोधत बसू नये.

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर गावची आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ पाहायला घरी येते. तिला दारातून परत पाठवू नका. बाळाला उघडे करून बेंबी, जांघा, काखा दाखवा, ते तिचे कामच आहे. आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात आणि नेण्यासाठी १०८ किंवा १०२ या क्रमांकावर गाडी मागविता येते. निघताना बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरावे, वरून दुपटे पांघरावे आणि बाळ ओढत असेल तर वाटेत अंगावर पाजत राहावे. पुळ्यांवर हळद, मलम, जांभळे औषध काही लावून नेऊ नये. रंगाखाली काय आहे हे आम्हाला दिसत नाही. आधी काही लावले असेल तर ती ट्यूब, पुडी किंवा बाटली सोबत आणावी. लपवू नये, कोणी रागावणार नाही.